थाई पाहुण्यांना त्यांच्या भाषेत अभिवादन कसे करावे

विदर्भातील खेड्यांमधल्या विहारात थायलंडचा पाहुणा आला, तर त्याला अभिवादन करण्यासाठी प्रथम ‘सवत्-दी’ हा शब्द शिकावा. तो संस्कृत ‘स्वस्ति’वरून घडला असून, थाई उच्चारात शब्दातील उच्चारखंडाच्या शेवटचा ‘स’ हा ‘त’सारखा ऐकू येतो. त्यापुढे पुरुषाने ‘ख्रप’ आणि स्त्रीने ऱ्हस्व ‘खा’ जोडावे. येथे समोरच्याचे नव्हे, तर बोलणाऱ्याचे लिंग पाहिले जाते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असा भेद रोज करणाऱ्या आपल्याला हे अवघड वाटू नये. खरी कसोटी सुरांची आहे, कारण थाईत पाच सूर असून सूर बदलला की अर्थही बदलतो. ‘ख्रप’ उंच सुरात म्हणावे आणि ‘खा’ वरून खाली उतरवावे. वाचून हे साधत नाही. थाई माणसाचा उच्चार ऐकून तो मोठ्याने, पुनःपुन्हा म्हणावा.

शब्दांसोबत हात जोडून मान लववावी; या रीतीला ‘वाय’ म्हणतात. भिक्खूंना मात्र ‘नमत्सकान’ म्हणावे, जो आपल्या ‘नमस्कार’चाच सोयरा आहे. भिक्खू उत्तरादाखल हात जोडत नाहीत, ही त्यांची परंपरा आहे. त्यामुळे तो अनादर समजू नये. आभारासाठी ‘खॉप खुन’ म्हणावे आणि त्यालाही ‘ख्रप’ किंवा ‘खा’ जोडावे.