फेरफार केलेल्या ट्रकच्या फॅन बेल्टचा नेमका साइज कसा काढावा

मिरकरवाड्याहून मासळी भरून अंबा घाट चढणाऱ्या गाडीचा फॅन बेल्ट तुटला, तर फक्त बॅटरीचं चार्जिंग बंद पडत नाही. बऱ्याच इंजिनांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणजे घाटातच इंजिन तापतं. शिवाय अनेक छोट्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, पाठीलाच जोडलेला असतो, त्यामुळे ब्रेकही कडक होतो. एवढं सगळं ज्या पट्ट्यावर आहे, तो अंदाजाने घेऊच नये.

गाडीत मासळीसाठी कूलिंगचा कॉम्प्रेसर चढवला किंवा मोठा अल्टरनेटर बसवला, की दुकानात मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही. कंपनीचा बेल्ट कंपनीच्या पुल्यांसाठी असतो. आता तुमच्या इंजिनावर ज्या पुल्या आहेत, त्यांचंच माप घ्यावं लागेल.

आधी इंजिन थंड होऊ द्या, चावी खिशात ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

मग जुना बेल्ट पाहा. ‘६पीके१७५०’ असं लिहिलेलं असेल, तर तो ६ धारांचा (आतल्या बाजूला लांबीने जाणाऱ्या उभ्या रेघांचा), १७५० मिलिमीटर लांबीचा बेल्ट. अक्षरं पुसली असतील तर धारा मोजा. दोन धारांतलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं, म्हणून ६ धारांचा पट्टा साधारण २१ मिलिमीटर रुंद भरतो. मात्र हा नंबर फेरफारानंतरच्या बेल्टचाच आहे आणि तो नीट चालत होता, याची खात्री असेल तरच त्यावर विसंबा.

खात्री नसेल तर मोजा. अल्टरनेटरचे बोल्ट सैल करून तो जवळजवळ पूर्ण आत ढकला, थोडीच जागा ठेवा. नवा बेल्ट चढवायला तेवढी ढील पुरते आणि ताणायला पुढे बरीच वाव राहते. स्प्रिंगचा टेन्शनर (बेल्ट आपोआप ताणून धरणारी पुली) असेल तर तो त्याच्या हालचालीच्या मध्यावर धरून ठेवायला कुणाला तरी सांगा. मग न ताणणारी सुती दोरी बेल्टच्याच वाटेने फिरवा: क्रँक पुली, वॉटर पंप, अल्टरनेटर, कॉम्प्रेसर. कुठल्या पुलीला बेल्टची पाठ लागते तेही नीट बघा. दोरीची टोकं एकमेकांवर येतात तिथे पेनने एकदम दोन्हींवर खूण करा, दोरी सरळ पसरा आणि टेपने दोन खुणांमधलं अंतर मोजा. नायलॉनची दोरी नको, ती ताणली जाते.

धारांच्या बेल्टला हे माप चालतं. दोन-चार मिलिमीटरचा फरक ॲडजस्टमेंटमध्ये निघतो. व्ही बेल्टला, म्हणजे खाली निमुळत्या होणाऱ्या एकाच खाचेत बसणाऱ्या पट्ट्याला, मात्र दोरी खाचेत खोल जाते आणि माप कमी येतं. तिथे त्याच रुंदीचा एखादा तुटका बेल्ट दोरीसारखा गुंडाळा आणि बाहेरच्या कडेने मोजा. दुकानदाराला माप बाहेरचं की आतलं ते आवर्जून सांगा, कारण १३ मिलिमीटर रुंद, ८ मिलिमीटर जाड ‘ए’ बेल्टमध्ये या दोन मापांत ५० मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ २ इंचांचा फरक पडतो. बहुतेक चुकीचे बेल्ट इथेच घेतले जातात.

घ्यायच्या आधी पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून तपासा. नवा कॉम्प्रेसर ब्रॅकेटवर जरा तिरका बसला असेल, तर बरोबर मापाचा बेल्टही कडेने झिजतो. आपल्याकडे खाऱ्या हवेने आणि मासळीच्या पाण्याने खाचांना गंज धरतो. तो पॉलिश पेपरने काढा, नाहीतर नवा पट्टाही तो खाऊन टाकेल.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर चालवणारा दातांचा पट्टा, या पद्धतीने मोजू नका. त्याला दातांची संख्या इंजिनाप्रमाणेच लागते.

नवा व्ही बेल्ट बसवल्यावर पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबा. साधारण १० मिलिमीटर दबला तर ताण ठीक आहे. पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासा, कारण नवा पट्टा थोडा बसतो. शेवटी बेल्टचा नंबर आणि सोबत कोणता कॉम्प्रेसर आहे ते केबिनच्या आत रंगाने लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या ड्रायव्हरला कुठल्याही गावात हाच पट्टा मागता येईल.