साथीत अफवेला उत्तर कसं द्यायचं: पालिका, पंचायत आणि आरोग्य खात्यातल्या लोकांसाठी

आधी ऐकायचं, मग लिहायचं. आशाताई, अंगणवाडी सेविका, मेडिकलवाले, रिक्षावाले यांच्या कानावर जे येतं ते रोज संध्याकाळी एका वहीत उतरवा, आणि लोक बोलतात त्याच शब्दांत उतरवा. "लसीबाबत गैरसमज आहेत" असं लिहून काही उपयोग नाही, "लस घेतली की दोन वर्षांत माणूस मरतो" असं लिहिलं की नेमकं काय खोडायचं ते कळतं. (मे २०२१ मध्ये हीच अफवा एका नोबेलविजेत्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावर फिरत होती, त्यांनी तसं म्हटलंच नव्हतं, पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती खात्याच्या खोट्या बातम्या तपासणाऱ्या विभागाने, ते जाहीरपणे खोडलं.) सगळ्या अफवांच्या मागे धावू नका. जिच्यामुळे कोणी लस टाळेल, दवाखान्यात जायला घाबरेल किंवा कुणाचं पोट बुडेल ती आधी धरा. एखाद्याच ग्रुपवर अडकलेल्या अफवेला जाहीर उत्तर दिलंत तर ती तुम्हीच जिल्हाभर पोचवाल.

धरली की उशीर नको. तैवानमध्ये २०२० साली नियमच होता, वीस मिनिटांच्या आत उत्तर, दोनशेच्या आत शब्द आणि दोन चित्रं. तिथे टॉयलेट पेपर संपणार म्हणून दुकानांत झुंबड उडाली, कारण काय तर मास्कला तोच कच्चा माल लागतो म्हणे. तर पंतप्रधानांनी स्वतःचं पाठमोरं कार्टून टाकलं की बाबांनो बूड एकच असतं, आणि शेजारी तक्ता, टॉयलेट पेपरचा माल वेगळा, मास्कचा वेगळा. लोक हसले आणि तक्ताही वाचला गेला. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो म्हणून पोल्ट्रीवाले अक्षरशः रस्त्यावर आले, तेलंगणात मंत्र्यांनी स्टेजवर चिकन खाऊन दाखवलं, ते चांगलंच केलं, पण तोवर भाव पडून गेले होते.

मेसेज लिहिताना खरी गोष्ट पहिल्या ओळीत. अफवा एकदाच, तीही मधे. नुसता लाल शिक्का मारून "खोटं" लिहू नका, का खोटं ते दाखवा. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या अंगाला चमचे चिकटल्याचा व्हिडिओ फिरला, लसीमुळे शरीर चुंबक झालं म्हणे. इथे "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणून भागत नाही. लस अर्धा मिली, त्यात लोखंडासारखा चुंबकीय धातू नाही, आणि चमचा घाम नि त्वचेच्या तेलकटपणाने चिकटतो, अंगाला पावडर लावा आणि परत ठेवून बघा, पडतो. हे घरी करून बघता येतं म्हणून पटतं.

मेसेज कोण सांगतंय हे मेसेजइतकंच महत्त्वाचं. धारावीत २०२० मध्ये पालिकेने तिथल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं, ज्यांच्याकडे लोक वर्षानुवर्षं ताप-खोकल्याला जातात त्यांना. मेळघाटात जायचं तर कोरकूत बोला. उत्तर प्रदेशात पोलिओचे डोस घेतले की मूल होत नाही ही अफवा कलेक्टरच्या पत्रकाने गेली नाही, मशिदीतून इमामांनी सांगितलं, वस्तीतल्याच बायका दारोदार फिरल्या, तेव्हा दारं उघडली.

आता अवघड भाग. बऱ्याच अफवा यंत्रणेच्या वागण्यातूनच जन्मतात. प्लेगच्या वेळी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, कारण पेशंटला जबरदस्तीने नेत होते आणि आत काय होतं ते घरच्यांना कळत नव्हतं, मग लोकांनी ठरवून टाकलं की आत मारतात. २०२० मध्ये पंजाबात तीच गोष्ट वेगळ्या रूपात, कोविड सेंटरमध्ये किडनी काढतात म्हणे. यावर पोस्टर हा उपाय नाहीच. पेशंटशी रोज एक व्हिडिओ कॉल लावून द्या, जेवणाचं ताट दिसू द्या, मृत्यू झाला तर नातेवाईकांना चेहरा बघू द्या. तसंच लस घेतली की ताप येऊ शकतो, अंग दुखतं, हे आधीच सांगा, लपवलंत तर पहिला ताप हाच अफवेचा पुरावा होतो. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. जानेवारी २०२० मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयानेच आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध कोरोनावर प्रतिबंधक म्हणून सुचवलं, नंतर त्याच्या गोळ्या गावोगाव वाटल्या गेल्या, पुराव्याशिवाय. सरकारच असं करायला लागलं तर व्हॉट्सॲपवरच्या काढ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

केस करायची वेळ आलीच तर बनावट औषध विकणाऱ्यावर, मुद्दाम घबराट पसरवणाऱ्यावर करा, घबराट पसरवणाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्यात कलम ५४ आहे. पण बेड मिळत नाही, ऑक्सिजन नाही अशी पोस्ट टाकणाऱ्याला हात लावायचा नाही, सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२१ ला हे स्पष्ट बजावलंय.

आणि वही फेकू नका, अफवा परत येते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला आणि चिकनची भीती पुन्हा सुरू. अशा वेळी जुना मेसेज तसाच चिकटवू नका, आजार वेगळा तर माहितीही वेगळी, मेलेली कोंबडी हाताळू नका, मांस-अंडी पूर्ण शिजवून खा, आणि प्रत्येक मेसेजवर तारीख मोठ्या अक्षरात टाका.