मोहरी फुलात आलीय, दिवसा पंप काढू नका

ग्वाल्हेर, डबरा, मुरैना पट्ट्यातल्या मंडळींनो, ढग आणि धुकं धरलंय म्हणजे मावा (रस शोषणारी बारीक कीड) चढणार, अन् दुकानदार बाटली हातात देऊन म्हणणार की आजच मारा. भर दुपारी मारू नका हो. फुलावर सकाळी अकराला फवारलेल्या शेताशेजारी मधपेट्यांपुढे मधमाश्यांचा सडा बघितलाय मी, सोंडा बाहेर आलेल्या, आणि असं दरवर्षी कुठे ना कुठे होतंच.

यंदा जास्त जीव तोडून सांगतोय कारण याच माश्या पिकाचं औषध वाहू शकतात. पेटीच्या दारात मित्रबुरशीच्या, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या बुरशीच्या, पावडरचा ट्रे बसवतात, माशी त्यातून चालत बाहेर पडते, केसांना पावडर चिकटते आणि ती थेट फुलात जाते. कॅनडात 1992 सालीच स्ट्रॉबेरीच्या राखी बुरशीवर याचे प्रयोग छापून आलेत, अर्जेंटिनात सूर्यफुलावर माश्यांकडून ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी पोचवलीय, अमेरिकेत 2019 ला क्लोनोस्टॅकिस रोझिया या दुसऱ्या मित्रबुरशीच्या पावडरला मंजुरी मिळाली.

आपल्याकडची खोडकुज बघा. तिची बुरशी आधी पाकळीवर बसते, ती पाकळी गळून पानाच्या बेचक्यात चिकटते आणि तिथून रोग खोडात शिरतो, वर पांढरा कापूस, खोड चिरलं की आत उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे. पाकळीवर मित्रबुरशी आधी पोचली तर मोहरीतही फरक पडेल असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे. म्हणून दुकानातला टाल्कवाला ट्रायकोडर्मा पेटीत ओतू नका, तो बियाण्याला आणि जमिनीला आहे. "माशी खेचणारं टॉनिक" म्हणून महागडी बाटली देतात तीही नको, फुललेल्या मोहरीवर माशी आपणहून येते.

बाकी कामं:
- पुढच्या पेरणीला बियाणं: ट्रायकोडर्मा किलोला 10 ग्रॅम
- जमीन: हेक्टरी 2.5 किलो, 50 किलो शेणखतात
- पाकीट: तारीख बघा, ग्रॅमला किमान 20 लाख सीएफयू (बुरशीचे जिवंत कण)
- पेट्या: हेक्टरी 3 ते 5
- मावा: बांधाकडचे लागलेले शेंडे मोडून जाळा
- कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक): लिटरला 1 ग्रॅम, खोडकुज येणाऱ्या शेतातच, त्यानं ट्रायकोडर्माही मरतो

शेंडे मोडूनही मावा आटोक्यात येत नसेल तर फवारा, पण माश्या परतल्यावर, संध्याकाळीच. पेटीवाल्याला आदल्या दिवशी फोन करा, म्हणजे तो पेट्या हलवेल नाहीतर दारं बंद ठेवेल. शेजाऱ्यालाही सांगा, माशी बांध बघून उडत नाही, त्याचा दुपारचा पंप तुमच्या पेट्याही रिकाम्या करेल.