स्वमग्न मूल रात्री झोपत नाही? या चुका टाळा

शाळेतून तक्रार येते: हल्ली हात फार झटकतो, शेजारच्याला ढकलतो, सांगितलेलं कानावर घेत नाही. मग घरी काळजी, थेरपीचे तास वाढवणं, कधी औषधं बदलणं. रात्री किती झोपला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. वेगवेगळ्या अभ्यासांनुसार ५० ते ८० टक्के स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना झोपेची काही ना काही अडचण असते. अपुरी झोप झालेलं मूल पेंगतच असं नाही. बरीचशी उलट जास्त पळतात, चिडतात, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत राहतात. आपण त्याला ‘वागणूक बिघडली’ म्हणतो.

‘ऑटिझम आहे, म्हणजे असंच चालणार’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मेलाटोनिनची, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणाऱ्या संप्रेरकाची, लय वेगळी असणं, आवाज-स्पर्श जास्त जाणवणं, मनातली धास्ती ही कारणं ऑटिझमशी जोडलेली असतातच. पण त्यांच्या आड साधी, उपचार होऊ शकणारी कारणं लपतात, आणि मूल बोलत नसेल तर ती लपूनच राहतात. बद्धकोष्ठता घ्या. तीन दिवस शी न झालेलं मूल रात्री दोनला उठून पोटावर पालथं पडतं आणि आपण त्याला थोपटत बसतो. घशाशी येणारी आंबट ढेकर, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) वाढल्याने घोरणं आणि तोंडाने श्वास घेणं, दातदुखी यांचंही तसंच.

लोहाकडे तर फारच कमी लक्ष जातं. दूध-भात आणि ठरावीक बिस्किटं एवढ्यावरच जगणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, खाली गेलेला असू शकतो. रात्रभर पायांची चुळबूळ, चादर लाथाडणं, अंथरुणात गोल फिरणं दिसत असेल तर डॉक्टरांना फेरिटिनच्या तपासणीबद्दल जरूर विचारा. अशा चुळबुळीत फेरिटिन दर मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मनाने टॉनिक सुरू करू नका, बद्धकोष्ठता वाढेल.

झोपेत झटके येत असतील, एकटक नजर लागत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवा. स्वमग्न मुलांत अपस्माराचं (फिट येण्याचं) प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. तोंडी वर्णनापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना जास्त सांगून जातो.

नऊला अंथरुणात, साडेअकराला झोप

मूल साडेअकराशिवाय झोपत नाही हे माहीत असूनही त्याला नऊला आडवं करतात. मग अडीच तास उठणं, पाणी मागणं, रडणं, ओरडा खाणं. रोज हेच घडलं की अंथरूण म्हणजे भांडणाची जागा, हे पक्कं बसतं.

याच्या उलट करायचं. काही दिवस त्याला ज्या वेळी खरोखर झोप लागते त्याच वेळी, म्हणजे साडेअकरालाच झोपवा. सकाळी मात्र ठरलेल्या वेळी उठवा, रविवारीही. पंधरा-वीस मिनिटांत झोप लागायला लागली, की वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, तिथे काही दिवस थांबा, मग आणखी पंधरा मिनिटं. सुरुवातीचे दिवस अवघड जातात. मूल पेंगतं, चिडचिड करतं. या काळात शाळेच्या व्हॅनमध्ये संध्याकाळी पाचला लागलेली डुलकी सगळं पाण्यात घालवते, म्हणून व्हॅनवाल्या काकांना आणि मावशींना आधी सांगून ठेवा. उठल्या-उठल्या गॅलरीत किंवा गच्चीवर ऊन घेणं फार उपयोगी. शरीराचं घड्याळ रात्रीपेक्षा सकाळीच जास्त लावलं जातं.

शाळेची वेळही बघा. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तुमच्या शाळेत सातलाच घंटा होत असेल तर मुख्याध्यापकांकडे हा विषय काढायला हरकत नाही.

‘टीव्ही बंद, दिवे मंद’ हा सल्ला वन-रूम-किचनमध्ये द्यायला सोपा, पाळायला कठीण. बाबा नऊला घरी येतात, जेवण साडेनऊला, मग दंगामस्ती. ती मस्ती बंद करायला मी सांगणार नाही. जमेल तशी सकाळी हलवा.

वेगळ्या खोलीत झोपवण्याचा आग्रहही सोडा. आपल्याकडे मुलं आईवडिलांजवळच झोपतात, त्यात बिघडत काही नाही. बघायचं एवढंच, की झोप लागताना जे असतं ते रात्री दोनलाही असेल का? मोबाइलवरचं गाणं ऐकत झोपलेलं मूल जाग आल्यावर मोबाइलच शोधतं. पंख्याचा आवाज मात्र रात्रभर सारखाच राहतो, तो चालतो.

औषधांचे शॉर्टकट

सर्दीच्या सिरपने झोप येते म्हणून ते देणारी घरं आहेत. काही मुलं त्याने उलट जास्तच उत्तेजित होतात. मेलाटोनिनचा उपयोग होतो, पण आधी दिनक्रम बसवायचा आणि मग डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी मात्रेपासून सुरुवात करायची, झोपेच्या अर्धा ते एक तास आधी. अकरा वाजले तरी झोपत नाही म्हणून वैतागून अकराला गोळी, ही पद्धत चुकीची. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत लेबलवर लिहिलंय तेवढंच औषध असेल याची खात्री नसते. कॅनडात २०१७ साली तपासलेल्या ३१ उत्पादनांत प्रत्यक्ष प्रमाण लेबलच्या बरंच खाली आणि चौपटीहूनही वर, असं दोन्ही आढळलं होतं.

झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या, वजन भरलेल्या जड गोधडीवर (वेटेड ब्लँकेट) मोठा खर्च करण्याआधी हेही माहीत असू द्या: ६७ स्वमग्न मुलांवरच्या २०१४ मधल्या ब्रिटिश चाचणीत तिच्यामुळे झोपेचे तास वाढले नाहीत. मुलांना आणि पालकांना ती आवडली मात्र. आवडत असेल तर वापरा, पण विदर्भातल्या मे महिन्यात नको.

मोठ्यांना विसरणं

स्वमग्न मूल अठराचं झालं की झोपेची चौकशी थांबते, अडचण थांबत नाही. दिवसभर माणसांत सावरून वागल्यावर रात्रीची शांतताच मोकळी वाटते, म्हणून जागरण होतं. घरचे त्याला आळशी म्हणतात. कामाच्या बदलत्या पाळ्या (शिफ्ट) अशा माणसाला फार जड जातात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सुविधा देण्याचं बंधन आहे. कायम एकच पाळी मिळावी, अशी मागणी डॉक्टरांच्या पत्रासह लेखी करा. खासगी कंपनीतही असं पत्र एचआरकडे देऊन ठेवावं.