मालवण-वेंगुर्ल्याची टूर ठरवताना काय काय तपासावं

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यातल्या टूरच्या जाहिराती शेजारीशेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळत नाही. सगळीकडे तोच सिंधुदुर्ग किल्ला, तेच डॉल्फिन, तीच सुरमई थाळी. त्यामुळे ‘पॉइंट किती’ हा हिशोब आधी सोडून द्या आणि टूरवाल्याकडून तासवार कार्यक्रम मागून घ्या: कुठे किती वाजता पोचणार, तिथे किती वेळ थांबणार, गाडीत किती वेळ जाणार. दोन दिवसांत पंधरा पॉइंट लिहिले असतील तर त्यातले निम्मे गाडीच्या काचेतून दाखवले जातात. ‘तसं तासवार काही नसतं, आल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन लावा.

पहिली निवड टूरच्या प्रकाराची. पुण्या-मुंबईहून बसने निघून गणपतीपुळ्यापासून गोव्यापर्यंत जाणाऱ्या सहलीत मालवणच्या वाट्याला बहुधा एक रात्र येते. ज्येष्ठांना सामान उचलावं लागत नाही, जेवणाखाण्याची चिंता नसते, म्हणून ती सोयीची. पण समुद्र त्या दिवशी खवळलेला असला तर दुसरा दिवस हाताशी नसतो. दुसरा प्रकार मालवण-देवबागमधल्या स्थानिक पॅकेजचा: तुम्ही आपले पोचायचं, मग एक-दोन दिवस बोट, स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्स त्यांच्याकडे. तिसरा जमिनीवरचा, म्हणजे गाडी आणि माहीतगार माणूस घेऊन धामापूर, पिंगुळी, सावंतवाडी, कातळशिल्पं. आमचा सल्ला असा की दुसरा आणि तिसरा वेगवेगळ्या माणसांकडून घ्यावा. बोटीवाल्याला वारं कळतं, पण त्याच्या पॅकेजमधली ‘कल्चरल टूर’ बरेचदा काजूच्या दुकानापाशी संपते. मालवणला तीन रात्री काढा. एक दिवस पाण्याचा, एक जमिनीचा, उरलेला किल्ल्याला आणि बाजाराला.

महिना ठरवताना मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ बोटीसाठी वगळाच. किल्ल्याची होडी, स्कूबा, वॉटर स्पोर्ट्स सगळं बंद असतं आणि त्या काळात कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर तो माणूसच टाळा. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईचं आश्वासन जरा तपासून घ्यावं. पाण्याखाली स्वच्छ दिसायला नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पुढे ऊन वाढतं तसं दुपारनंतरचं वारंही वाढतं, म्हणून मार्च ते मेमध्ये पाण्यातलं सगळं सकाळी अकराच्या आत संपेल असा कार्यक्रम घ्या.

यानंतरची गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे भरती-ओहोटी. देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ‘त्सुनामी आयलंड’ नावाचा वाळूचा पट्टा आहे. भर भरतीला तो पाण्याखाली जातो. पॅकेजमध्ये त्याचं नाव असतं, वेळ नसते. चुकीच्या वेळी गेलात तर छातीभर पाण्यात उभं राहून फोटो काढायचा आणि परत यायचं. कालनिर्णय काढा आणि किनाऱ्यावरचा जुना हिशोब वापरा: तिथीच्या पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पंचमी-षष्ठीच्या आसपास सकाळी दहाच्या सुमाराला पाणी उतरलेलं असतं आणि आयलंड छान उघडं पडतं. पौर्णिमेच्या आगेमागे त्याच वेळी पाणी चढत असतं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-एक तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावरून पक्की करा. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे गेल्या आठवड्यात मित्राला मिळालेली वेळ तुमच्या उपयोगाची नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा ओढा जास्त असतो आणि वाळू ढवळून पाणी गढूळ होतं. स्कूबासाठी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे (म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते) दिवस बरे. संगमावर ओहोटी लागली की नदीचं पाणी समुद्राकडे जोरात ओढतं. तिथे पोहायला उतरू नका, पट्टीचे पोहणारे असलात तरी.

‘स्कूबा’ शब्दाखाली नेमकं काय विकतात, तेही विचारा. मालवणला पहिल्यांदा येणाऱ्याला जे मिळतं ते म्हणजे प्रशिक्षकाने धरून सहा-आठ मीटर खोलीपर्यंत नेणं. पाण्याखालचा प्रत्यक्ष वेळ पंधरा-वीस मिनिटांचा असतो, बाकीचा बोटीत, रांगेत आणि सूट चढवण्यात जातो. चार प्रश्न विचारा: एका माणसामागे एक प्रशिक्षक आहे का, खाली किती मिनिटं, व्हिडिओचे पैसे वेगळे का, आणि कान दुखून वर यावं लागलं तर पैसे परत की नाहीत. सर्दी झाली असेल तर जाऊच नका. नाक चोंदलेलं असलं की कानातला दाब सुटत नाही आणि दोन-तीन मीटरवरच कळ येते. उतरताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची. दुखायला लागल्यावर जोर लावून उपयोग नसतो, थोडं वर येऊन पुन्हा करायचं. दमा, हृदयविकार, अपस्मार, नुकतीच झालेली कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर नको. आरोग्याच्या फॉर्मवर खरं लिहा. फॉर्मच न देणारा टूरवाला नको. भरघोस मिशी असणाऱ्यांचा मास्क वरच्या ओठापाशी गळतो, थोडं व्हॅसलीन लावून गेलं की भागतं. आदल्या रात्रीची पार्टी डाइव्हनंतरच्या रात्रीवर ढकला. परत विमानाने जाणार असाल तर डाइव्ह आणि उड्डाण यांत किमान बारा तास हवेत, अठरा असतील तर उत्तम. म्हणजे मोपा किंवा चिपी विमानतळाहून संध्याकाळचं विमान असलेल्या दिवशी सकाळी स्कूबा नाही. टूरवाले हा घोळ सर्रास घालतात, कारण शेवटच्या दिवशी त्यांची बोट रिकामी असते.

बाकी वॉटर स्पोर्ट्सबद्दल फार लिहायला नको. ‘पाच राइड’ म्हणजे पाच वेळा काही मिनिटं. जेट स्कीची एक फेरी तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपते. पाठीचं दुखणं असलेल्यांनी बोटीमागे उसळत जाणारी बंपर राइड टाळावी.

बोटीत बसण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी तीन गोष्टी बघा. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहे का आणि त्याची बकलं खरोखर लागतात का. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट दिलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून येतं, म्हणून मुलांच्या मापाचं मागा आणि मापाचं नसेल तर बसू नका. बोटीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसांची परवानगी आहे ते लिहिलेलं असायला हवं, आणि माणसं मोजून घ्या. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा जीव गेला, म्हणून ‘अजून दोघे बसतील’ असं कोणी म्हणालं तर उतरून दुसरी बोट घेण्यात लाज कसली. घरात म्हातारी माणसं असतील तर बोटीत धक्क्यावरून चढायचं की गुडघाभर पाण्यातून शिडीने, हे आधीच विचारून ठेवा. देवबागला बरेचदा पाण्यातूनच चढावं लागतं.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते. होडीवाले परतीसाठी साधारण तासभर देतात आणि त्याच होडीने परत यायचं असतं. तासाभरात महादरवाजा, शिवराजेश्वराचं मंदिर आणि महाराजांच्या हातापायाचे ठसे एवढंच होतं. १६६४ मध्ये कुरटे बेटावर पाया घातलेल्या या किल्ल्याची तटबंदी फिरायची असेल, दूधबाव, साखरबाव, दहीबाव या भर समुद्रातल्या गोड्या पाण्याच्या विहिरी बघायच्या असतील, तर दोन तास हवेत. ते होडीत बसण्याआधी ठरवा, उतरल्यावर नाही. टूरमध्ये ‘किल्ला’ लिहिलं असेल तर गाइड धरून की सोडून, हेही विचारा. गाइडशिवाय गेलेले लोक जवळ जाईपर्यंत दरवाजा का दिसत नाही हे न कळताच परत येतात. टोपी आणि पाणी न्या, तटावर सावली नाही.

आता जमिनीवरचा दिवस. मालवणहून धामापूरचा तलाव आणि भगवतीचं देऊळ, तिथून कुडाळ ओलांडून पिंगुळी, मग सावंतवाडी हा क्रम रस्त्याला धरून आहे, उलटसुलट केला तर दोन तास फुकट जातात. पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला) आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथलं छोटेखानी संग्रहालय केव्हाही बघून होतं, पण बाहुल्यांचा खेळ बघायचा असेल तर आदल्या दिवशी तरी कळवावं लागतं. टूरवाल्याने कळवलंय का, खेळाचं मानधन पॅकेजमध्ये आहे की तिथे द्यायचं, ते विचारून घ्या. सावंतवाडीला राजवाड्यातल्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा; दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० गोल पानं असतात. दुपारी राजवाडा बंद असण्याची शक्यता असते, तेव्हा वेळ फोनवर विचारून मगच निघा. लाकडी खेळणी चितारआळीत घ्या. मालवण तालुक्यातल्या कुडोपीची कातळशिल्पं बघायची असतील तर सकाळी लवकर किंवा चारनंतरच. ऊन तिरपं असलं की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि आकृती उठून दिसते. दुपारी बाराला सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, तापतो आणि रेषा दगडात विरून जातात.

दशावताराचं, म्हणजे इथल्या लोकनाट्याचं, मात्र नीट विचारून घ्या, कारण फसगत इथेच जास्त होते. रिसॉर्टच्या अंगणात रात्री नऊ वाजता पाऊण तासाचा ‘दशावतार शो’ असतो, तो नमुना. खरा दशावतार जत्रेत, देवळाच्या आवारात, पालखी फिरून झाल्यावर मध्यरात्रीच्या आगेमागे सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. त्यालाच गावात धयकालो म्हणतात. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, मग काळ्या वेशातला संकासूर, आणि नंतर पुराणातलं आख्यान. हार्मोनियम, पखवाज, झांज एवढीच साथ, संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी जुळवतात. संकासुराचं मालवणी पुण्या-मुंबईच्या मुलांच्या डोक्यावरून जातं, म्हणून सोबत कोणी मालवणी कळणारं असू द्या. जत्रा कार्तिकापासून पुढे गावोगाव लागतात; तुमच्या तारखांना कोणत्या गावची जत्रा आहे हे होमस्टेच्या मालकीणबाईंना विचारा, त्यांना टूरवाल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. बसायला चटई, डिसेंबरच्या दवासाठी शाल आणि परतीच्या वाटेसाठी विजेरी घ्या. ड्रायव्हर रात्रभर थांबेल का, हे ठरवताना त्याच्या झोपेचाही विचार करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा ठेवू नका. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगावर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मालवण-कुडाळातल्या खोल्या पटापट भरतात. जत्रेसाठी येणार नसाल तर त्या तारखा टाळाच, एरवी अर्ध्या तासाचा रस्ता त्या दिवशी केवढा होईल याचा नेम नसतो.

जेवणाबाबत एकच: पॅकेजमध्ये ‘फिश थाळी’ असेल तर कोणता मासा, ते लिहून घ्या. बांगड्याच्या आणि सुरमईच्या थाळीत पैशांचा बराच फरक असतो. शाकाहारी असाल तर आधी सांगा, म्हणजे काळ्या वाटाण्याची आमटी आणि घावने मिळतील. ऐन वेळी सांगितलं तर पनीर मिळेल.

रेल्वेगाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. गणपती, दिवाळी, मे महिना असेल तर त्याच सकाळी करा. कुडाळला उतरून मालवण तासाभराचं आहे. रात्रीची गाडी सकाळी पोचते आणि उशिराही येते, म्हणून पोचायच्या दिवशी सकाळची बोट घेऊ नका. बॅगेत प्रत्येकी एक ओळखपत्र, मागे पट्टा असलेल्या चपला, लवकर वाळणारे कपड्यांचे दोन जोड, फोनसाठी पाणबंद पिशवी, ओआरएस आणि बोट लागणाऱ्यांसाठी उलटीची गोळी. गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, बोटीत बसल्यावर घेऊन काही होत नाही. पोट रिकामं नको आणि भरगच्चही नको. एखादी आंबोळी पुरे. किल्ल्याच्या होडीसाठी आणि देवळांसाठी थोडी रोख जवळ असू द्या.

पैसे देताना निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. समुद्र बंद राहिला तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी बोट, जीएसटी धरून किंमत किती, विमा आहे का, ही तिन्ही उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आणि आदल्या संध्याकाळी बोटवाल्याला फोन करून उद्याचं वारं विचारा. तो ‘बघूया’ म्हणाला तर पाण्याचा दिवस पुढे ढकलून सकाळी सावंतवाडीची गाडी काढा. पिंगुळीला मात्र रात्रीच कळवून ठेवा.