क्रूझचं बुकिंग थेट करायचं की एजंटकडून? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी सासू-सासऱ्यांना घेऊन सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझला जायचं ठरलं. बुकिंग एजंटकडून केलं, पैसे भरले, कागद आले. दिवाळीच्या तोंडावर कागद चाळताना दिसलं की सासूबाईंचं आडनाव सासरचं लागलंय आणि पासपोर्टवर माहेरचं आहे. मी लगेच क्रूझ कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, "मॅडम, हे बुकिंग एजंटच्या खात्यावर आहे. बदल त्यांच्याकडूनच यावा लागेल." एजंटचं ऑफिस थेट भाऊबीजेनंतर उघडणार होतं. ते चार दिवस घरात फराळ होता, पण माझा घास घशाखाली उतरत नव्हता.

काम झालं, नाव बदललं. पण क्रूझ बुक करताना आपण भलताच प्रश्न विचारतो, हे मला तेव्हा कळलं. "कुठे स्वस्त पडेल?" हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न असा, की काही बदलायची वेळ आली तर फोन कोणाला करायचा आणि तो माणूस तो उचलेल का.

पहिली चूक: एजंट म्हणजे महाग असं धरून चालणं

एजंटला पैसे देते ती क्रूझ कंपनी. त्याचं कमिशन भाड्यातच धरलेलं असतं. तुम्ही वेबसाइटवर थेट बुक केलंत तर ते कमिशन तुमच्या खिशात येत नाही, कंपनीकडेच राहतं. म्हणून त्याच जहाजाचं, त्याच तारखेचं, त्याच प्रकारच्या केबिनचं भाडं दोन्हीकडे बहुतेक वेळा सारखंच दिसतं. बऱ्याच कंपन्या एजंटांना जाहीर भाव तोडून विकू देत नाहीत. मग चांगला एजंट आपल्या कमिशनमधला काही भाग वेगळ्या वाटेने देतो. जहाजावर खर्च करायला ऑनबोर्ड क्रेडिट देतो, किंवा त्याने आधी उचलून ठेवलेल्या ग्रुपच्या केबिनमधली एक जुन्या भावाने देतो. यातलं काय मिळेल ते स्पष्ट विचारावं. विचारल्याशिवाय ते सहसा मिळत नाही.

थेट बुकिंगला मात्र एक खर्च आहे जो स्क्रीनवर दिसत नाही. भाडं डॉलरमध्ये असेल आणि कार्ड भारतीय असेल, तर बऱ्याच कार्डांवर दोन ते साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर जीएसटी. भारतातल्या एजंटकडून परदेशी टूर पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केला जाणारा कर, कापला जातो. तो इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण हातातून पैसे आधी जातात. दोन्ही आकडे कागदावर मांडल्याशिवाय तुलना करू नका.

मोठ्या अक्षरातला आकडा बघून हुरळणं

जाहिरातीतलं भाडं दर माणशी असतं आणि एका केबिनमध्ये दोघं राहणार असं धरलेलं असतं. एकटीने जाणाऱ्या बाईला बहुतेक कंपन्यांत जवळपास दोघांचं भाडं मोजावं लागतं. त्यावर पोर्ट चार्जेस आणि टॅक्स. त्यावर टिप, म्हणजे ग्रॅच्युइटी. आंतरराष्ट्रीय जहाजांवर ती दर माणशी दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर असते आणि बऱ्याच कंपन्या ती आपोआप तुमच्या बिलात लावतात. 16 धरले तरी चौघांचे चार रात्रींचे 256 डॉलर झाले. वायफाय, दारू, बहुतेक कोल्ड्रिंक आणि खास रेस्टॉरंटांतलं जेवण वेगळं. एजंटच्या कोटेशनमध्ये "सर्व समाविष्ट" लिहिलं असेल तर ग्रॅच्युइटी त्यात आहे का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तरावरून बाकीच्या हिशेबाचा अंदाज येतो.

एजंटचं व्हाउचर म्हणजेच बुकिंग असं समजणं

आपल्याकडे ही चूक सर्रास होते आणि सगळ्यात महाग तीच पडते. गल्लीतला ट्रॅव्हल एजंट बऱ्याचदा स्वतः क्रूझ कंपनीशी बोलत नाही. तो मोठ्या होलसेलरकडून केबिन घेतो आणि होलसेलर कंपनीच्या प्रतिनिधीकडून. तुमचे पैसे दोन-तीन हातांतून जातात. त्यातला एखादा हात थांबला तर केबिन नुसती होल्डवर राहते आणि मुदत संपली की सुटते. एजंटच्या लेटरहेडवरचं सुंदर व्हाउचर मात्र तुमच्या फायलीत तसंच असतं.

उपाय अगदी साधा आहे. डिपॉझिट भरल्यावर एजंटकडे क्रूझ कंपनीचा स्वतःचा रिझर्व्हेशन नंबर मागा. कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर तो नंबर, आडनाव आणि प्रवासाची तारीख टाकून बुकिंग उघडतंय का ते स्वतः बघा. नावं, केबिनचा प्रकार, भरलेली रक्कम, राहिलेली रक्कम सगळं तिथे दिसायला हवं. "नंबर नंतर येईल" असं उत्तर दोनदा मिळालं तर पुढचे पैसे भरू नका. कार्डाच्या स्टेटमेंटवर कोणाचं नाव आलंय तेही पाहा. कंपनीचं असेल तर रिफंड थेट कार्डावर येईल. एजंटचं असेल तर रिफंड त्याच्या खात्यात जाईल आणि तिथून तुम्हाला मिळवावा लागेल.

एजंट फोनच उचलत नसेल तर? सगळ्या मागण्या ईमेलवर लिहा, तारखेसकट. कंपनीला बुकिंगमध्ये बदल करता आला नाही तरी ते कोणत्या होलसेलरमार्फत आलंय हे काही वेळा कळतं, तिथे गाठा. थेट केलेलं बुकिंग एजंटकडे सोपवणं काही कंपन्यांत सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत, पूर्ण पैसे भरण्याआधी जमतं. उलट दिशेने, एजंटकडून सोडवून आपल्याकडे घेणं फार अवघड. म्हणून गोंधळलेले असाल तर आधी थेट बुक करा.

नाव

पासपोर्टवर आपलं नाव दोन रकान्यांत असतं. एकात आडनाव, दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. वेबसाइटच्या फॉर्मवर तीन रकाने असले की आपण गडबडतो. पासपोर्ट समोर उघडा ठेवून टाइप करा आणि एजंटला नाव फोनवर सांगू नका, पहिल्या पानाचा फोटो पाठवा. स्पेलिंगची चूक सहसा सहज दुरुस्त होते. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस न्यायचा झाला तर मात्र शेवटचा हप्ता भरल्यानंतर तो बदल कॅन्सलेशनसारखा धरला जाऊ शकतो. हा शेवटचा हप्ता बऱ्याच कंपन्यांत निघण्याच्या दोन-तीन महिने आधी असतो.

ती तारीख आणखी एका कारणासाठी कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिच्या आत भाडं उतरलं तर पुष्कळदा नव्या भावाने बुकिंग करून मिळतं. थेट बुकिंग असेल तर लक्ष तुम्ही ठेवायचं. एजंट असेल तर त्याला आधीच सांगून ठेवायचं आणि तरीही आपण बघायचं.

व्हिसा वेबसाइट विचारत नाही

थेट बुकिंगमधली माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा ही. साइट पैसे घेते, केबिन देते आणि व्हिसाची जबाबदारी प्रवाशावर टाकून मोकळी होते. सिंगापूरहून निघून पेनांग किंवा फुकेट करून परत आलात की सिंगापूरमध्ये तुमचा दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो. कुठेही न थांबता नुसतं समुद्रात फिरून येणाऱ्या क्रूझलाही हेच लागू. शिवाय सिंगापूरचा व्हिसा भारतातून बहुतेकांना अधिकृत व्हिसा एजंटामार्फतच काढावा लागतो. म्हणजे क्रूझ थेट बुक केली तरी एजंटाचं दार चुकत नाही.

अमेरिकेत राहणारे आपले लोक सिॲटलहून अलास्काला जाताना असेच अडकतात. वाटतं, सिॲटल ते सिॲटल, मग व्हिसा कशाला? पण 1886 च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी झेंड्याखालच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला अशा फेरीत मध्ये एखाद्या परदेशी बंदराला जावंच लागतं. म्हणून जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियासारख्या बंदरात काही तास थांबतं. एच-1बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीनकार्ड असेल तर व्हिसाची गरज नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांचा कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसा दोन्ही तपासा, बुकिंगच्या आधी.

मग मी काय करते?

मुंबईहून गोव्याची दोन-तीन रात्रींची फेरी असेल तर थेट. विमान नाही, व्हिसा नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पहिलीच परदेशी क्रूझ, सोबत वयस्कर माणसं, जैन जेवण किंवा व्हीलचेअर हवी, दोन कुटुंबांच्या केबिन शेजारी-शेजारी हव्यात, तर एजंट. पण तो स्वतः किंवा त्याची माणसं त्या जहाजावर जाऊन आलेली असावीत. त्याची परीक्षा घ्यायला एक प्रश्न पुरतो: "आईला बोट लागते, कुठली केबिन घेऊ?" जाणकार माणूस जहाजाच्या मध्यावरचा खालचा डेक सांगतो आणि "गॅरंटी" केबिन घेऊ नका म्हणतो, कारण ती स्वस्त असली तरी कुठली मिळेल हे कंपनी ठरवते. नुसतं "बाल्कनी घ्या, मस्त असते" म्हणाला, तर दुसरा एजंट बघावा.

गरोदर बाई किंवा तान्हं बाळ सोबत असेल तर हेही आधीच विचारा. बहुतेक कंपन्या 24 आठवड्यांच्या पुढच्या गर्भवतीला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेत नाहीत, आणि हे बंदरावर कळलं तर तिथूनच परत फिरावं लागतं.

शेवटी, कन्फर्मेशनवर टर्मिनलचं नाव वाचा. सिंगापूरमध्ये क्रूझ टर्मिनल दोन आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ सेंटर" सांगितलंत तर तो कुठल्याही एका ठिकाणी सोडेल.