घोड्याच्या पोटात वाळू: या चुका टाळा

अलिबाग, काशीद, मुरूडच्या किनाऱ्यावर सवारीचे घोडे दिवसभर वाळूत उभे असतात. दुपारी गवत बऱ्याचदा तिथेच टाकलं जातं आणि घोडा शेवटची काडीसुद्धा ओठांनी टिपून घेतो. काडीबरोबर वाळू जाते. जड असल्यामुळे ती मोठ्या आतड्यात तळाला बसते आणि आतून घासत राहते. आधी लीद पातळ होते, घोडा खंगतो, मग एक दिवस पोटशूळ उठतो.

मूळ चूक चाऱ्याच्या जागेची. नुसती गव्हाण बांधून भागत नाही. घोडा चारा उडवतो आणि खाली सांडलेलं वेचून खातो, म्हणून गव्हाणीखाली फरशी किंवा रबरी मॅट हवी आणि ती रोज झाडायला हवी. चंदीसाठी, म्हणजे दाण्याच्या खुराकासाठी, तोंडाला बांधायची पिशवी, म्हणजे आपला पूर्वापार तोबराच उत्तम. घोड्याला उपाशी किनाऱ्यावर नेऊ नका. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेचार ते सहा किलो सुकं गवत लागतं. पोटातली वाळू पुढे ढकलण्याचं कामही हेच गवत करतं.

लीद तपासायचा आळस नको. जमिनीला न टेकलेले पाच-सहा गोळे पारदर्शक पिशवीत घ्या, पाणी घालून कुस्करा, वीस मिनिटं टांगून ठेवा. मग पिशवीच्या तळाशी बाहेरून बोट फिरवा. वाळू असेल तर करकर हाताला कळते. एकदा नाही लागली म्हणून निर्धास्त होऊ नका. पोटात असूनही ती रोज बाहेर पडतेच असं नाही. डॉक्टर पोटाखाली स्टेथोस्कोप लावतात तेव्हा वाळूचा आवाज किनाऱ्यावरच्या लाटेसारखा येतो.

वाळू काढायला इसबगोल चालतं, पण भिजवून ठेवलं की त्याचा चिकट गोळा होतो आणि घोडा तोंड फिरवतो. आयत्या वेळी, किंचित तेलाचा हात लावून चंदीत मिसळा. प्रमाण आणि दिवस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे पोटशुळाने लोळणाऱ्या घोड्याला बाटलीने तेल पाजणं. आमच्या ओळखीतली एक घोडी अशीच गेली: पोट मोकळं झालं, पण तेल फुप्फुसात उतरलं होतं. तेल पोटात सोडायचंच झालं तर ते डॉक्टर नाकातून नळी घालून सोडतील. घोडा पायाने जमीन खरवडायला, वळून कुशीकडे बघायला लागला की पुढचा चारा काढून घ्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. शेवटची लीद कधी टाकली आणि कशी होती, तेही सांगा.